आरओची एएमसी: पाच स्टार टेक्निशियनला, एक स्टार कंपनीला, आणि ‘ताई’ला किती द्यायचे तेच कळेना

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे आणि मधेच मी कायद्यात, देवळात आणि नदीवर जाऊन येणार आहे. ज्यांना आरओची, म्हणजे घरच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनची, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घ्यावी का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी उत्तर: मशीन चांगलंय, घ्या, एएमसी मात्र कंपनीची घेऊ नका, जवळपासचा चांगला माणूस बघा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. आणि खरं सांगू का, नावाने फरकही पडत नाही, हल्ली सगळ्यांचे चॅटबॉट एकाच दुकानातून आणल्यासारखे बोलतात.

आम्ही राहतो वाघोलीत. ज्यांना वाघोली माहितीये त्यांना पाण्याचं वेगळं सांगायला नको, टँकर आणि बोअर, उन्हाळ्यात निव्वळ बोअर, बादलीला पांढरा थर आणि गीझरची कॉइल सारखी बदला. २०२१ ला आरओ घेतला, मस्त चालला, वॉरंटी संपल्यावर कंपनीचीच एएमसी घेत आलो, साडेचार हजार अधिक १८ टक्के जीएसटी, ५,३१० रुपये वर्षाला. ह्या वेळी रिन्यू करायच्या आधी मी ॲपमधल्या चॅटवर मुद्दाम विचारलं की मेंब्रेन (पाण्यातले क्षार अडवणारा मुख्य फिल्टर) ह्यात येतो का, कारण आरओमध्ये महागाचं काम तेच असतं, बाकीचे फिल्टर काय, कोणीही बदलून देतं. चॅटवर असते ती ‘ताई’, म्हणजे कंपनीचा चॅटबॉट. मी तिला ताई म्हणते कारण कंपनीने तिला एका गोड मुलीचं नाव दिलंय, फोटोत कानाला हेडफोन लावून हसतेय, आधी नमस्कार करते, मराठी पण बोलते, ते आपलं ‘आपणास’, ‘कृपया’, ‘सदर’वालं. तर ताईने लिहिलं, ‘होय, या प्लॅनमध्ये मेंब्रेन वर्षातून एकदा मोफत बदलून मिळेल.’ मी स्क्रीनशॉट काढला. सीएच्या ऑफिसात चौदा वर्षं काढली की माणूस भाजीवाल्याकडेही पावती मागायला लागतो.

मार्चमध्ये सासूबाई म्हणाल्या पाण्याची चव बदललीये. त्यांची जीभ म्हणजे घरातला टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. मी म्हटलं काहीतरीच, पण दोन दिवसांनी तुरीची डाळ सहा शिट्ट्या होऊनही तळाशी तशीच बसलेली, तेव्हा कॉल टाकला.

टेक्निशियन दुसऱ्याच दिवशी आला, हे कबूल करायला पाहिजे. परभणीकडचा पोरगा, चोवीस-पंचवीसचा, चपला बाहेर, हात धुतले, ओट्यावर पेपर अंथरला आणि मग मशीनला हात लावला. पेनासारखा मीटर काढून दोन ग्लासांत बुडवून दाखवला. नळाचं पाणी ९२०, मशीनचं ४१०. ‘काकू, मेंब्रेन गेलाय बघा.’ हाउसिंग खोलून तो लांबुडका मेंब्रेन माझ्या हातातच दिला, टोकाला चिकट तपकिरी थर आणि खडूसारखी पांढरी पूड. ‘कागदावर पाचशेपर्यंत चालतंय, पन तुम्ही पिऊ नका.’ मी म्हटलं मग बदल की, प्लॅनमध्ये आहे. तो म्हणाला नाहीये. मी स्क्रीनशॉट दाखवला. त्याने तो दोनदा वाचला, मोबाईल परत दिला आणि म्हणाला, ‘आमाला येगळं ॲप हाय काकू, त्यात हे दिसतच न्हाई. तुमी ॲपवाल्यांशी बोला, मी काय बोलू.’

मी तिथंच उभ्याउभ्या ताईला विचारलं. तीच ताई, तेच हसू. ‘क्षमस्व, सदर प्लॅनमध्ये मेंब्रेनचा समावेश नाही.’ मी तिचाच स्क्रीनशॉट तिला पाठवला. ‘आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आणखी काही मदत करू शकते का?’

सासूबाई सोफ्यावरून ऐकत होत्या. ‘त्या बाईला म्हणावं घरी ये, ह्या ग्लासातलं पाणी पी आणि मग सांग.’ मी म्हटलं आई, ती बाई नाहीये, मशीन आहे. ‘मग मशीनच्या मागं कोण बसलंय त्याला बोलव.’

अख्ख्या प्रकरणात ह्याच्याइतकं मुद्द्याचं वाक्य कुणी बोललं नाही, माझ्या ऑफिसातल्या सरांसकट.

पैसे भरले, काय करणार, घरात लहान पोर आहे. मेंब्रेन २,००० अधिक बसवायचे २५० अधिक जीएसटी, २,६५५ रुपये. रात्री कंपनीला मेल केला, स्क्रीनशॉट जोडला. उत्तर आलं की चॅटवरची माहिती स्वयंचलित प्रणालीद्वारे तयार होते आणि कंपनी त्यास बांधील नाही. म्हणजे बघा, माझे ५,३१० घेताना ताई कंपनीची, मेंब्रेन द्यायची वेळ आली की ताई परकी. लेकीचं कौतुक असेल तेव्हा आमची, भांडी फोडली की तुमची, तसलं.

हे ऐकून ऑफिसातल्या एकाने एअर कॅनडाची केस सांगितली. २०२२ मध्ये एका प्रवाशाची आजी वारली, त्याने एअरलाइनच्या साइटवरच्या चॅटबॉटला विचारलं की अशा वेळी तिकिटात सवलत मिळते ना, बॉट म्हणाला तिकीट काढा आणि ९० दिवसांच्या आत अर्ज करा. त्याने केला. कंपनी म्हणाली प्रवासानंतर अशी सवलत मिळत नाही, साइटवर दुसऱ्या पानावर लिहिलंय. त्याच्याकडे पण स्क्रीनशॉट होता (मी एकटी नाही हे बघून बरं वाटलं). तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या ट्रायब्युनलपुढे गेलं प्रकरण, आणि कंपनीचा बचाव काय, तर बॉटने दिलेल्या माहितीला आम्ही जबाबदार नाही. ट्रायब्युनलने लिहिलं की ह्याचा अर्थ कंपनी असं सुचवतेय की चॅटबॉट ही एक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि तिच्या कृत्यांना तीच जबाबदार आहे, आणि हे भलतंच आहे, बॉट हा वेबसाइटचाच भाग आहे, तिथलं सगळं कंपनीच्याच अंगावर. फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला, व्याज आणि फी धरून ८१२ डॉलर आणि दोन सेंट द्यायला लावले. रक्कम काही नाही हो, पण एवढी मोठी विमान कंपनी साताठशे डॉलर वाचवायला एका प्रोग्रामला माणूस करायला निघाली.

माझ्याकडे अजून एक गंमत निघाली, ती फक्त आमच्या धंद्यातल्या माणसालाच दिसेल. दोन बिलं समोर ठेवली, एएमसीचं आणि मेंब्रेनचं. जीएसटी नंबरमध्ये पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅन. पॅनमध्ये चौथं अक्षर सांगतं की हा कोण आहे. पी असेल तर हाडामासाचा माणूस, सी म्हणजे कंपनी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, एफ फर्म, टी ट्रस्ट, असं. जीएसटी नंबरात ते सहाव्या जागी येतं. तर एएमसीच्या बिलावर सहावं अक्षर सी, आणि मेंब्रेनच्या बिलावर, त्याच लोगोखाली, त्याच निळ्या रंगात, पी. म्हणजे मेंब्रेन मला कंपनीने विकलाच नव्हता, फ्रँचायझीवाल्या कुणा एका माणसाने विकला. टेक्निशियन त्याचा, ॲप कंपनीचं, ताई हवेतली. एका नळाच्या पाण्यासाठी मी तिघांशी व्यवहार करत होते आणि मला वाटत होतं की एकच कोणीतरी आहे.

आयकर कायद्यात ‘व्यक्ती’ सात प्रकारच्या आहेत. आपण पहिल्या, आणि शेवटची ‘कृत्रिम कायदेशीर व्यक्ती’, पॅनमध्ये अक्षर जे. आमच्याकडे नवीन आलेल्या आर्टिकलच्या (सीएची उमेदवारी करणाऱ्या) पोराने विचारलं, मॅडम मग ही तुमची ताई जे मध्ये येईल का, कृत्रिम तर आहेच. सगळे हसले. मी पण हसले, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

कारण आपल्या देशात माणूस नसलेल्या व्यक्ती काही नवीन नाहीत. साक्षात देव कायद्याने व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात तसं मानलं, १९६९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की आयकरासाठी देव ‘इंडिव्हिज्युअल’ धरता येतो, आणि २०१९ च्या अयोध्येच्या निकालात तर रामलल्ला विराजमान स्वतः पक्षकार होते. त्याच निकालात जन्मस्थानाची जमीन मात्र व्यक्ती मानली नाही, हे पुष्कळ लोक विसरतात.

पण मला हे कोर्टाच्या निकालांमधून कळलेलं नाही. सासूबाईंचं माहेर माण तालुक्यातलं, गावच्या भैरोबाच्या नावावर जमीन आहे, देवस्थान इनाम वर्ग ३. सातबाऱ्यावर देवाचं नाव. लहानपणी त्या वडिलांना विचारायच्या म्हणे की देव तलाठ्याकडे कधी गेला सही करायला. देव नाही गेला, वहिवाटदार गेला. मुद्दा तिथं आहे. देवाला व्यक्ती केलं ते कशासाठी, तर जमीन पुजाऱ्याची होऊ नये म्हणून. पुजारी येतात जातात, एखाद्याला दारूचा नाद लागतो, एखाद्याला पोरीच्या लग्नात पैसा कमी पडतो, तर जमीन विकता येऊ नये, सरकारच्या परवानगीशिवाय ती हलत नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात हेच सांगितलं, मालक देव, पुजारी फक्त सांभाळणारा. आणि सांभाळणारा चुकला तर त्याला धरता येतं, त्याचं नाव-गाव माहिती असतं, पारावर बसलेला असतो. हिशोब मागायचा तर ट्रस्ट असेल तिथं धर्मादाय आयुक्त आहेत. म्हणजे देवाच्या नावावर मिळकत, पण जाब द्यायला माणूस.

आता कंपनी घ्या. मी दिवसभर कंपन्यांचीच कागदपत्रं भरते, तेव्हा कंपनी म्हणजे राक्षस वगैरे मी म्हणणार नाही. कंपनी व्यक्ती आहे म्हणून तर मी तिच्यावर केस करू शकते, नाहीतर हजारो शेअरहोल्डर शोधत फिरले असते. डायरेक्टर बदलले, मालक बदलले, तरी माझी एएमसी तिथंच राहते, ह्यालाच कायद्यात अखंड अस्तित्व म्हणतात, बायकांच्या भाषेत सांगायचं तर सासू बदलली तरी घर तेच. पण मूळ सोय कोणाची होती ते पण बघा. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये ॲरन सॉलोमन नावाचा बुटांचा कारखानदार होता. १८९२ मध्ये त्याने स्वतःचाच धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला. शेअर २०,००७, त्यातले २०,००१ ह्याचे आणि बायको अन् पाच मुलांना एकेक. वर कंपनीकडून स्वतःला १०,००० पौंडांचे डिबेंचर (कर्जरोखे) घेतले, म्हणजे हा स्वतःच्याच कंपनीचा तारण असलेला सावकार. वर्षभरात धंदा बसला. ज्यांनी उधारीवर माल दिला होता ते म्हणाले ही कंपनी म्हणजे सॉलोमनच आहे, ह्याच्या खिशातून द्या. खालची कोर्टं देणेकऱ्यांच्या, चुकले, घेणेकऱ्यांच्या बाजूने गेली, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १८९६ मध्ये सांगितलं की नाही, कागदपत्रं नीट आहेत ना, मग सॉलोमन वेगळा, कंपनी वेगळी. उधारीवाल्यांच्या हाताला काही लागलं नाही. आज जगभर बीकॉमच्या मुलांना ही केस शिकवतात, मी पण पाठ केली होती पाच मार्कांसाठी, पण उधारीवर कातडं देणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल हा प्रश्न पेपरात आला नाही.

आणि तरी सॉलोमन निदान होता. बूट शिवणारा माणूस होता, दुकान होतं, दार वाजवता येत होतं.

इंग्लंडातलेच एक लॉर्ड थर्लो म्हणायचे म्हणे की कंपनीला बडवायला अंग नाही आणि नरकात धाडायला आत्मा नाही. आपल्याकडे २००५ पर्यंत वाद चालू होता की ज्या गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचाच आहे त्यात कंपनीवर खटला तरी चालवता येतो का, कारण कोठडीत घालणार काय, लेटरहेड? सुप्रीम कोर्टाने पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या मताने सांगितलं की चालवता येतो, तुरुंगात नाही टाकता येत तर दंड करा. ठीक आहे. पण दंड म्हणजे कंपनीसाठी शेवटी खर्चाच्या रकान्यातली एक ओळ. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या वायुगळतीत डिसेंबर १९८४ ला हजारो माणसं मेली, २०१० मध्ये इथल्या सात अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती दोन वर्षांची, लगेच जामीन, आणि अमेरिकेतली मूळ कंपनी तोवर दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेलेली. व्यक्ती होती ना ती? मग कुठे गेली?

म्हणून एआयला व्यक्ती करा असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. आमचे सर म्हणतात असं. त्यांचं म्हणणं असं की कंपनीला केलं तसंच बॉटला करा, त्याच्या नावाने एक रक्कम बाजूला ठेवा, इन्शुरन्स काढा, त्याने चुकीचं सांगितलं की त्याच्याच खात्यातून ग्राहकाला द्या, कोर्ट नको कचेरी नको, सुटसुटीत. ऐकायला बरं वाटतं. युरोपच्या संसदेनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये असाच विचार मांडला होता की फार प्रगत, स्वतःच्या मनाने चालणाऱ्या रोबोंसाठी पुढेमागे ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा दर्जा तपासून पाहावा, पुढच्याच वर्षी दीडशेहून जास्त तज्ज्ञांनी पत्र लिहून विरोध केला आणि ते मागे पडलं. मी सरांना एकच विचारलं, सर त्या खात्यात पैसे कोण घालणार आणि किती? ते म्हणाले कंपनीच. मग झालं की, दहा हजार घालतील आणि दहा लाखांच्या चुका करतील, खातं रिकामं झालं की ताई दिवाळखोर, नवीन नावाची, नवीन फोटोची ताई दुसऱ्या दिवशी हजर. सॉलोमनला निदान बायको आणि पाच मुलं गोळा करावी लागली होती. सर म्हणाले तू फार निगेटिव्ह विचार करतेस. असेल.

त्याच २०१७ सालचं अजून एक. उत्तराखंड हायकोर्टाने मार्चमध्ये गंगा आणि यमुनेला व्यक्ती जाहीर केलं, मला तेव्हा फार आवडलं होतं, स्टेटस पण ठेवलं होतं. आणि त्यांचे पालक म्हणून कोण, तर राज्याचे मुख्य सचिव वगैरे. मग राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात पळालं, की पूर आला आणि माणसं वाहून गेली तर नुकसानभरपाईचा दावा काय मुख्य सचिवांवर टाकणार का? जुलैमध्ये स्थगिती मिळाली. आणि ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व दिल्याचं जाहीर केलं. तिच्यावर कुठलाच प्रश्न नाही, कारण तिच्याकडून कुणाला काही येणंच नव्हतं. नदी व्यक्ती झाली की पहिला प्रश्न जबाबदारी कुणाची, आणि रोबो व्यक्ती झाली की टाळ्या.

पण उद्या खरंच त्या एआयला दुखायला लागलं तर, असं माझी मुलगी विचारते (ती नववीत आहे आणि हल्ली घरात सगळ्यात अवघड प्रश्न तीच विचारते). चांगला प्रश्न आहे. पण माझं म्हणणं, ज्याला दुखतंय हे आजच डोळ्यांनी दिसतंय त्याचं आपण काय केलं? बैलाला दुखतं की नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, शर्यतीच्या घाटात उभं राहा. बैलगाडा शर्यतीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, २०१४ ला बंदी आली, मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि आपला महाराष्ट्र, तिघांचे कायदे मान्य केले आणि जनावरांना मूलभूत हक्क आहेत असं म्हणायला नकार दिला. मी शर्यतीच्या विरोधात आहे असं नाही, नवऱ्याचं गाव त्याच पट्ट्यातलं आहे, घरात भांडण लावायचं नाहीये मला. फक्त हिशोब बघा. रक्त, कातडी, डोळ्यांत पाणी असलेला बैल व्यक्ती नाही, मुंबईत नोंदलेली चार कागदांची शेल कंपनी व्यक्ती आहे. म्हणजे व्यक्ती कोण हे ठरवताना दुखणं कधी मोजलंच नव्हतं, कुणाची तरी मिळकत मोजली होती. त्यामुळे ताईला दुखायला लागलं म्हणून तिला हक्क मिळतील ह्यावर माझा विश्वास नाही, तिच्या मालकाला अडचण झाली की मात्र लगेच मिळतील.

आता टेक्निशियनचं राहिलं. हा रिव्ह्यू लिहायला बसले ती खरं तर त्याच्यामुळे. काम झाल्यावर ॲपने विचारलं, सर्व्हिसला किती स्टार? खाली त्या मुलाचा फोटो आणि नाव. ताईला स्टार द्यायची सोय नाही. कंपनीला द्यायची सोय नाही. प्लॅन आवडला का असा प्रश्न नाही. जेवढा राग असेल तेवढा ह्या पोराच्या फोटोवर काढा. तो चपला घालता घालता म्हणाला, ‘काकू, तेवढं पाच द्या, साडेचारच्या खाली गेलं की कॉल कमी येत्यात.’ कॉलमागे त्याला किती मिळतात विचारलं तर हसला फक्त. त्याला पगार नाही, पेट्रोल स्वतःचं, बॅगेतला मीटरसुद्धा स्वतःचा, साडेसहाशेला घेतलेला. ह्या सगळ्या साखळीत आई-बापाने जन्माला घातलेला तो एकटा होता, आणि त्यालाच कंपनीने ‘एक्झिक्युटिव्ह’ असं नाव आणि सहा आकडी नंबर दिलाय, आणि गोड नाव, हसू, नमस्कार हे सगळं दिलंय ताईला.

त्याला पाच दिले. चहाही दिला, साखर दोन चमचे, आमच्याकडे एवढा गोड कुणी पीत नाही.

पुढचं थोडक्यात, कारण कोणाला उपयोग होईल. ॲपवर विकणाऱ्यांना तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. नाव साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडतं. त्या मेल आयडीवर दोन्ही स्क्रीनशॉट, दोन्ही बिलं पाठवली आणि सहाव्या अक्षराचं पण लिहिलं. पोच वेळेत आली. अठराव्या दिवशी एका खऱ्या बाईचा फोन आला, आवाज दमलेला, म्हणाली मॅडम आम्ही गुडविल म्हणून वॉलेटमध्ये १,५०० पॉइंट टाकतो, पुढच्या रिन्यूअलला वापरा. मी म्हटलं मला गुडविल नकोय, मेंब्रेनचे २,६५५ पाहिजेत, आणि पॉइंट वापरायचे तर परत तुमच्याचकडून एएमसी घ्यायची ना. ती म्हणाली मी पुढे कळवते. कुणाला कळवते विचारलं तर म्हणाली सिस्टीममध्ये टाकते.

मग १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे नोंद झाली, कंपनीचं उत्तर तेच गुडविल. शेवटी मे महिन्यात पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार टाकायची ठरवली, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार मी मराठीत टाईप केली. आपल्याकडच्या ग्राहक मंचाच्या कागदांत एक सुरेख शब्द आहे, तक्रार करणारा तो तक्रारदार आणि समोरचा तो ‘जाबदेणार’. मी तिथं कंपनीचं नाव आणि रजिस्टर्ड पत्ता लिहिला. जाबदेणार क्रमांक दोन, फ्रँचायझीवाला. त्याला घालताना जरा वाईट वाटलं, पण पी अक्षर त्याच्या बिलावर आहे, इलाज नाही. टेक्निशियनचं नाव कुठेही येणार नाही ह्याची दोनदा खात्री केली.

सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, त्या फोटोतल्या बाईचं नाव घातलंस का? मी म्हटलं नाही आई, तिचं कसं घालणार. ‘बरं केलंस. तिला काय, जे पढवलं ते बोलली बिचारी.’ मग थोड्या वेळाने, ‘पण पढवणाऱ्याचं नाव कुठाय ह्यात?’

मी स्क्रोल करून वर गेले, परत खाली आले. कंपनीचं नाव होतं, पत्ता होता, पिनकोड होता.

रेटिंग: मशीन चार, टेक्निशियन पाच, कंपनी एक. आज सकाळचं रीडिंग ५८, डाळ तीन शिट्ट्यांत.